मदत हवी आहे: मार्सेयची पानिए टेकडी, गुडघे सांभाळून कशी बघावी?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन तीन दिवस फ्रान्समधल्या मार्सेयला जातोय. आई ७१ वर्षांची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. सपाटीवर तासभर चालते, हळूहळू चढही चढते, पण पायऱ्या उतरायच्या म्हटलं की घाबरते.

मार्सेय म्हटलं की तिला ८ जुलै १९१० आठवतो. सावरकरांनी मोरिया बोटीतून घेतलेली उडी तिने वर्गात कितीतरी वर्षं शिकवली, त्यामुळे बंदर बघायचंच आहे. पण वाचता वाचता तिचं मन जडलंय ते जुन्या बंदराच्या उत्तरेच्या पानिए वस्तीवर. इ.स.पू. ६००च्या सुमारास फोकाया या ग्रीक नगरातून आलेल्या ग्रीकांनी शहर वसवलं ते याच बाजूला. १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून टेकडीखालची वस्ती रिकामी केली आणि सुमारे १,५०० इमारती सुरुंगांनी उडवल्या. वरच्या गल्ल्या वाचल्या. "जे उरलंय ते मला पायी बघायचंय," असं आई म्हणते, आणि तिची ही इच्छा मला मनापासून पुरी करायची आहे.

बंदराकडून वर जाणारी मोंते दे-झाकूल ही वाट सगळी पायऱ्यांची दिसते. दुसरीकडून चढता येईल का? आणि उतरायचं कुठून?

प्रतिसाद:

मी शिकायला दोन वर्षं तिथे होते. काकूंना बंदराकडून नेऊच नका. मेट्रोने जोलिएतला उतरा आणि मागच्या बाजूने या. चढ आहे, पण रस्त्याचा. आधी व्हिएय शारिते बघा. १६७१ मध्ये गरिबांना ठेवण्यासाठी बांधायला घेतलेली ही इमारत वास्तुकार पिएर प्युजेची. चारही बाजूंना तीन मजली कमानी, मधोमध लंबगोल घुमटाचं चॅपल. कमानींच्या सावलीत निवांत बसू द्या त्यांना, घाई करू नका. आतली संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

मग गल्ल्यांमधून प्लास द लांशला या. ग्रीकांचा बाजारचौक इथे होता असं मानतात, काकूंना आवडेल. चौकात कॉफी घ्या.

उतरण्याचं म्हणाल तर पायऱ्या टाळता येतात. चौकाजवळच्या सें-लोराँ चर्चपासून पादचारी पूल थेट सें-जाँ किल्ल्यात जातो, तिथून दुसरा पूल म्यूसेम या संग्रहालयाच्या गच्चीवर. गच्चीवरून जाळीदार भिंतीच्या आतून रॅम्प इमारतीभोवती फिरत खाली येतो, लिफ्टही आहे. जाळीतून समुद्र दिसत राहतो. म्यूसेम मंगळवारी बंद, म्हणून बुधवार किंवा त्यानंतरचा दिवस धरा. दगडी फरशी पावसात निसरडी होते, काठी न्याच.

धागाकर्ता:

खूप आभार! आईला वाचून दाखवलं, तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. गुरुवार ठरला.