आरएक्स १००चं क्लच कव्हर तडकलं, नवीन कुठेच मिळेना

डिचोलीकर: वडिलांची १९९४ची यामाहा मोटारसायकल. परवा चोर्ला घाटात पावसात घसरली आणि इंजिनचं उजवं कव्हर, म्हणजे क्लचवरचं झाकण, किक शाफ्टच्या खाली दोन इंच तडकलं. सकाळी पाहतो तर पोर्चमध्ये ऑइलचं थारोळं. मॉडेल १९९६लाच बंद झालेलं. म्हापशात तीन दुकानं पालथी घातली; डुप्लिकेट मिळालं, पण त्याची भोकं जुळेनात. एम-सील (भेगा बुजवायची पुट्टी) लावलं, ते दुसऱ्या दिवशी खपलीसारखं हातात आलं.

फोंड्याचा मिस्त्री: तेलकट ॲल्युमिनियमवर एम-सील धरणारच नाही रे बाबा. कव्हर उतरव, पेट्रोलने धू, पूर्ण वाळव. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिमीचं भोक मार, नाहीतर तो पुढे पळतो. मग आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात करतात ते. आधी कव्हर गरम करायला सांग. मुरलेलं तेल निघालं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे येतात. शेवटी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून गॅस्केट (सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालतात ती पातळ पट्टी) बसते ती कड घास.

वास्कोवाला: आणि गॅस्केट नवीन टाक, कंजूषपणा नको.

डिचोलीकर: झालं! वेल्डर आधी ‘भंगारात घाल’ म्हणाला, मग तासभर तोच त्यात रमला. वेल्डचा टाका सुरवंटासारखा दिसतोय. वडील म्हणतात, रंग मारू नको, असू दे.