पहिलीतल्या पोराला टाइमटेबल कशाला?

रंकाळाकाठ: काल इथं एका ताईंनी फ्रिजवरच्या तक्त्याचा फोटो टाकला. पोरगं पहिलीत. सहाला उठणे, सहा दहाला दात, सहा वीसला आंघोळ. प्रत्येक चौकोनात स्टार, आठवडा भरला की पिझ्झा. खाली सगळ्यांच्या टाळ्या. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढला. अहो, घड्याळ शाळेत दुसरी-तिसरीत शिकवतात, तेही आधी पूर्ण तास, मग साडे, मग सव्वा-पावणे. पहिलीतल्या पोराला 'दहा मिनिटांत आवर' म्हटलं की 'आई चिडली' एवढंच कळतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या लहानपणी दिवे लागले की घरी, नळाला पाणी आलं की आंघोळ. कुणाचं काय अडलं? आणि स्टारवर पोसलेलं पोरगं उद्या पाणी आणून द्यायलाही विचारेल, काय देणार?

दोन_पोरांची_आई: तो फोटो माझा. आकडे माझ्यासाठी आहेत, पोरासाठी शेजारी चित्रं आहेत: ब्रश, तांब्या, दप्तर. झूम करून बघितलं असतं तर दिसलं असतं. किती वाजले हे त्याला कळायची गरजच नाही, ह्यानंतर काय एवढं कळलं तरी पुष्कळ. तक्त्याआधी रोज एक मोजा पायात, एक हातात आणि साहेब पायरीवर मुंग्या बघत. खाली रिक्षावाल्या मामांचा हॉर्न. तुमच्या लहानपणी हाका मारायला आई घरात होती. मला साडेआठला गोकुळ शिरगावला कामावर पंच करायचं असतं.

गंगावेस_कट्टा: बघू दे की ओ वहिनी मुंग्या. 😄

उसाचा_फड: तक्ता राहू दे बाजूला. सातच्या शाळेचं बोला. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा. आमच्या पोरीची शाळा अजून सातलाच. म्हणे खोल्या तेवढ्याच, दुपारी हायस्कूल बसतं. झोपेतलं पोर उठवायचं आणि वर वेळेचं नियोजन शिकवायचं!

तीनचाकी: माझे वडील शाळेची रिक्षा मारतात. नऊच्या शाळेसाठी दसरा चौकातून सीपीआर हॉस्पिटलसमोरनं एकदा रिक्षा काढून दाखवा, मग बोला. सकाळची एक फेरी आणि दुपारची एक, ह्यावर घर चालतं. दोन्ही एकाच वेळी आल्या तर कुठली सोडायची?

उसाचा_फड: म्हणजे तुमच्या फेरीसाठी आमच्या पोरांनी पहाटे उठायचं? आणि त्या रिक्षात पोरं किती कोंबता ते पण सांगा की.

तीनचाकी: कोंबायला आम्ही घरात शिरून पोरं उचलत नाही. महिन्याला शंभर रुपये वाढवले की ग्रुपवर बोंब मारणारे तुम्हीच.

गंगावेस_कट्टा: सुरू झालं.

बालवाडीवाली: रिक्षा जरा बाजूला लावा. रंकाळाकाठ, बक्षिसाचं तुमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढायची ज्यांना मुळात आवड होती, त्यातल्या काहींना आधी सांगून बक्षीस दिलं. नंतर तीच पोरं आपणहून कमी चित्रं काढायला लागली. पण ते आवडीच्या कामाचं झालं. दात घासायची आवड मी तरी अजून कुठल्या पोरात बघितली नाही. मी वर्गात काट्याच्या घड्याळावर रंगीत कागद चिकटवते: मोठा काटा लाल कागदावर आला की डबे बंद. आणि आधी विचारते, दप्तर भरायला एक गाणं पुरेल की दोन? पोरं पहिल्यांदा 'अर्धं' म्हणतात. दोन झाली तरी कंपास बाकावरच असतो. त्यांचं तेच हसतात, दुसऱ्या दिवशी 'तीन' म्हणतात.

रंकाळाकाठ: बरं बाई, चित्रं चालतील. लाल कागद पण चालेल. सहा दहा, सहा वीस मात्र खोडा. आणि तो पिझ्झा!

दोन_पोरांची_आई: आकडे खोडते. उद्यापासून पोराला आवरायला तुम्ही या, सहा दहाला.

उसाचा_फड: कोंबता किती ते अजून कुणी सांगितलं नाही.

तीनचाकी: तुमच्या पोरीला उद्यापासून तुम्हीच सोडा. एक कमी होईल.