मदत हवी आहे: उत्तर पुरेसं झालं हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

प्रश्नोत्तरांच्या साइटवर मी एक्सेलच्या प्रश्नांना उत्तरं देते. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते नीट व्हावं असं वाटतं, म्हणून हा धागा. अशी उत्तरं बरीच लिहिलेल्यांकडून सल्ला हवा आहे.

सध्या समोर असलेला प्रश्नच सांगते: 'व्हीलुकअप #एन/ए दाखवतंय. कोड यादीत डोळ्यांना दिसतोय, तरी सापडत नाही.' एवढंच. (व्हीलुकअप म्हणजे यादीत एखादी नोंद शोधून तिच्यासमोरची माहिती आणणारं फंक्शन, आणि #एन/ए म्हणजे 'सापडलं नाही'.) फॉर्म्युला दिलेला नाही, व्हर्जन सांगितलेलं नाही. खाली दोन उत्तरं आली आहेत. एकात 'शेवटी फॉल्स लिहा' इतकंच आहे, दुसऱ्यात नुसती लिंक.

फॉल्सचा सल्ला चुकीचा नाही. व्हीलुकअपच्या कंसातली ती चौथी बाब ('तंतोतंत जुळणारंच शोध' असं सांगणारी) दिलीच नाही तर एक्सेल अंदाजे जुळणारी नोंद शोधतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर भलतंच उत्तर येऊ शकतं. पण फॉल्स लिहूनही #एन/ए येतंच की. एकीकडे कोड संख्या म्हणून साठवला असेल आणि दुसरीकडे मजकूर म्हणून, तर दिसायला सारखे असूनही एक्सेलच्या लेखी ते वेगळे. कोडच्या शेवटी स्पेस राहिली असेल तरी तेच. ती स्पेस वेबपेजवरून कॉपी होऊन आली असेल तर बऱ्याचदा जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम फंक्शननेही जात नाही, कारण ती साधी स्पेस नसून १६० क्रमांकाचं कॅरॅक्टर असतं. आणि निवडलेल्या रेंजमध्ये कोडचा कॉलम पहिला नसेल तर व्हीलुकअप त्यात शोधतच नाही.

सगळं लिहिलं तर विचारणारा गांगरेल. एकच लिहिलं तर नेमकं त्याचं कारण सुटेल. मग थांबायचं कुठे? आधी फॉर्म्युला मागवायचा की अंदाजाने लिहायचं? व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप हे नवं फंक्शन वापरा असं सुचवावं का, की ते विषयांतर होईल?

प्रतिसाद

लांबी मोजू नका. वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं स्वतःच्या फाइलवर, तुम्हाला पुन्हा न विचारता पडताळता आलं की उत्तर पुरेसं झालं.

चारही कारणं सारख्याच वजनाने मांडलीत तर तो गांगरणारच. त्याऐवजी निवाडा करणारी चाचणी आधी द्या. शोधायचा कोड आणि यादीतला तोच दिसणारा कोड, या दोन सेलची बरोबरच्या चिन्हाने थेट तुलना करायला सांगा. फॉल्स आलं तर गडबड डेटात आहे. ट्रू आलं तर फॉर्म्युल्यात, म्हणजे रेंज बघायची: कोडचा कॉलम पहिला आहे का, डॉलरचं चिन्ह न दिल्यामुळे फॉर्म्युला खाली ओढताना रेंज सरकली का. डेटात गडबड असेल तर दोन्ही सेलवर लेन हे अक्षरं मोजणारं फंक्शन लावायचं. अक्षरसंख्या वेगळी आली तर लपलेली स्पेस शोधा, सारखी आली तर बहुधा संख्या आणि मजकुराचा घोळ. आता त्याला चार कारणं पाठ करायची नाहीत, एका वाटेने जायचं आहे. आणि तुम्हाला जे सांगायचं होतं त्यातलं काही गळलेलंही नाही.

फॉर्म्युला जरूर मागवा, पण त्यासाठी अडून राहू नका. न मिळालेल्या माहितीमुळे उत्तर बदलणार असेल तरच थांबायचं. इथे चाचणी दोन्ही बाजूंना चालते, तेव्हा लिहा. फक्त आपण काय गृहीत धरलं ते पहिल्या दोन ओळींत येऊ द्या.

एक्सलुकअपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या प्रश्नाला ते उत्तर नाही. एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या व्हर्जनमध्ये ते मिळत नाही, आणि कोड जुळतच नसेल तर तेही #एन/एच दाखवेल. इफएरर (चूक आली तर तिच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) लावून चूक झाकायला सांगणारे तर मला अजिबात पटत नाहीत. सेल स्वच्छ दिसतो आणि चूक पुढच्या बेरजेत जाते.

लिंक द्यायला हरकत नाही, पण तिच्यातला कामाचा भाग आपल्या शब्दांत उत्तरात हवाच. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ सालच्या वेबपेजांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आज विचारणारा एक असतो, पुढे शोधत येणारे कितीतरी. त्यांच्या हाती मेलेली लिंक येऊ नये.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एक भर: उत्तर टाकण्याआधी छोट्या कोऱ्या शीटवर तीच चूक मुद्दाम घडवून बघा. एका कोडपुढे स्पेस द्या, #एन/ए येतं का पहा, मग ते घालवा. हे न करता लिहिलेलं उत्तर वाचायला कितीही सुबक असलं तरी माझा त्यावर भरवसा नसतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली उत्तरं बंद केली ती याच कारणाने. ती पहिल्या नजरेत बरोबर वाटायची, त्यांतली चूक हुडकायला जाणकाराचा वेळ जायचा.

गृहपाठाचे प्रश्न मात्र वेगळे धरा. तिथे पूर्ण उत्तर देण्यापेक्षा विद्यार्थी जिथे अडला तेवढीच पायरी उलगडून द्यावी असं मला वाटतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चाचणी आधी द्यायची हे मला सुचलंच नव्हतं. कोऱ्या शीटवर सगळं करून पाहिलं आणि त्याच क्रमाने उत्तर टाकलं. विचारणाऱ्याने लगेच खाली कॉमेंट केली: तुलनेत फॉल्स आलं, लेन दोन्हीकडे सारखंच, म्हणजे संख्या आणि मजकूर. आता विचारतोय की पूर्ण कॉलम एकदम कसा बदलायचा. हे कॉमेंटमध्येच सांगू का?

प्रतिसाद

मूळ उत्तरातच घाला. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या साइटवर कॉमेंट तात्पुरत्या धरल्या जातात, कधीही काढल्या जातात. शिवाय शोधत येणारा माणूस त्यांच्यापर्यंत पोचतोच असं नाही. मजकूर असलेला कॉलम निवडून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडायचं आणि काही न बदलता फिनिश दाबायचं, की मजकूर म्हणून बसलेले आकडे संख्या होतात. त्यासोबत एक इशारा ठळक द्या: कोडच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते उडून जाईल. तसे कोड असतील तर उलट करायचं, संख्येच्या बाजूला टेक्स्ट फंक्शन वापरून मजकूर करून घ्यायचा. आणि कॉमेंटमध्ये त्याला फक्त कळवा की उत्तरात भर घातली आहे.