हॉस्टेलच्या खोलीत पाणी तापवायचा रॉड: नेमका धोका कशात?

प्रश्न (वसतिगृह समिती):
थंडी सुरू झाली की मुलं खोलीत १५०० वॅटचा रॉड लावतात. सरसकट बंदी घातली की लपून वापरतात. शॉक आणि भाजणं टाळायला काय बघावं?

वायरमन:
आधी बोर्ड बघा. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा स्वस्त एक्स्टेंशनवर पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट चालणारं अर्थिंग हवंच. तिसरी पिन तोडलेला रॉड सरळ भंगारात टाका. रॉडची नळी चिरली की करंट थेट पाण्यात उतरतो, आणि बोटाने "तापलं का" बघणारा तिथेच सापडतो. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच हात! मजल्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा, महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा.

आणखी एक: १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर यायला १७-१८ मिनिटं पुरतात. रॉड लावून लेक्चरला जाणं म्हणजे आगीला आमंत्रण.

परिचारिका:
भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. अंगठी, कडं लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. शॉक लागलेल्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन, आणि मिनिटाला १००-१२० या गतीने छाती दाबा.

वसतिगृह समिती:
आभार. उद्याच सॉकेट तपासायला घेतो.