ब्लँकेट वाटून झाली, आता पुढे काय करावे?

प्रश्न : रामबागेतील रहिवासी

आमच्या गणेशोत्सव मंडळातील दहा-बारा जण दर पौषात इंदूरच्या सरवटे बसस्थानकाच्या आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात रात्री ब्लँकेट वाटतात. यंदा वाटून आठ दिवसही झाले नव्हते, तोच भिंतीलगत निजणारे एक आजोबा पुन्हा अंगावर पोते ओढून कुडकुडताना दिसले. विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दिन में रखूँ कहाँ?" रैन बसेऱ्याचे, म्हणजे बेघरांसाठीच्या रात्र-निवाऱ्याचे, नाव काढताच त्यांनी मान फिरवली. मंडळात आता दोन तट पडले आहेत. भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा जिल्हा प्रशासनाचा आदेश १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, तेव्हापासून काहींना रस्त्यावर काही देणेच नको वाटते. या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : छावणीतील स्वयंसेवक

आजोबांनी तुम्हाला नेमके उत्तर दिले आहे, फक्त ते तुम्ही तक्रार म्हणून ऐकलेत. पहाटे झाडलोट सुरू झाली की कोपऱ्यातले गाठोडे कचरा समजून उचलले जाते, आणि ते सांभाळत बसायचे म्हटले तर दिवसाची मजुरी बुडते. आम्ही एका धर्मशाळेच्या जिन्याखालची खोली मागून घेतली, प्रत्येक गाठोड्याला कापडी क्रमांक शिवला आणि सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडण्याची पाळी लावली. त्या वर्षी ब्लँकेट निम्मीच लागली.

रैन बसेऱ्यात न जाण्याचीही प्रत्येकाची कारणे वेगळी असतात. एक हातगाडीवाला गाडीखालीच निजे, कारण गाडी भाड्याची होती आणि चोरीला गेली असती तर भरपाई त्यालाच करावी लागली असती. दुसऱ्याला बायकोपासून वेगळ्या दालनात झोपायचे नव्हते. म्हणून आधी कारण विचारावे, तेही दोन-तीनदा भेटल्यावर. पहिल्या भेटीत कोणी खरे सांगत नाही, आणि का सांगावे?

बेघर म्हणजे भिकारी, हा गोंधळ मात्र मंडळाने मनातून काढावा. २०११ च्या जनगणनेने पदपथावर, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणाऱ्यांना बेघर मानले आणि देशभरात असे सुमारे १७.७ लाख लोक मोजले. त्या व्याख्येत व्यवसायाचा उल्लेख नाही. आमच्या ओळखीतले बहुतेक जण भंगार वेचतात, हमाली करतात किंवा लग्नांच्या हंगामात भांडी घासतात.

उत्तर : निवृत्त कर्मचारी, सुदामानगर

दानाइतकाच पाठपुरावाही महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बाराही महिने आणि चोवीस तास, असे सांगितले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाखामागे शंभर जणांची सोय आणि प्रत्येकाला सुमारे ५० चौरस फूट जागा असा निकष ठेवला. २०११ मध्ये इंदूरची लोकसंख्या १९.६ लाख होती, तेव्हा हिशेब तुम्हीच करा आणि तो कागद घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा. ओळखपत्राचेही पाहा : बेघराला मतदार म्हणून नाव नोंदवायला पत्त्याचा कागद लागत नाही, तो खरोखर तेथे निजतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहतो.

जानेवारी २०२१ मध्ये महापालिकेच्या गाडीतून वृद्ध निराधारांना शिप्रा गावाजवळ नेऊन सोडले जात होते. गावकऱ्यांनी हटकले, चित्रफीत काढली आणि गाडी परत फिरवायला लावली. त्यानंतर एका उपायुक्ताचे निलंबन झाले. शेजारधर्म म्हणायचा तर मी गावकऱ्यांच्या त्या हटकण्याला म्हणेन.

उत्तर : निवृत्त परिचारिका

एक सूचना. स्वतःशी बोलत फिरणारे, जखमेकडेही लक्ष नसणारे कोणी दिसले, तर ब्लँकेट देऊन पुढे जाऊ नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. आपल्याकडे बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहेच. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि पायांकडे जरूर पाहा. मधुमेह असलेल्याच्या तळपायाची जखम त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ब्लँकेट न नेता नुसताच चहा घेऊन गेलो आणि तासभर बसलो. आजोबांना मागे रैन बसेऱ्यात वरच्या मजल्यावर जागा मिळाली होती. रात्री तीनदा उठावे लागते आणि गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. खालच्या मजल्यावरील खाटेसाठी उद्या व्यवस्थापकांना भेटणार आहोत. तोवर मंडपाचे सामान ठेवतो ती खोली गाठोड्यांसाठी उघडली आहे. पहिली किल्ली माझ्याकडे, दुसरी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे.