एका गाईच्या शेणावर पऱ्हाटी (कपाशी) 'शंभर टक्के सेंद्रिय' होते का?

हिंगणा_कोरडवाहू
एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, हे नैसर्गिक शेतीचे प्रचारक पद्मश्री सुभाष पाळेकरांनी मांडलेलं सूत्र आपल्या नागपूर जिल्ह्यात अजूनही जसंच्या तसं सांगितलं जातं. कोरडवाहू कापसात हा हिशोब बसत नाही. तो बसतो असं सांगून लहान शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी तोंडघशी पाडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

या पद्धतीत खताच्या जागी शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण, म्हणजे जीवामृत, सोडतात. एका एकराचं जीवामृत म्हणजे २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती. आता यात नत्र (नायट्रोजन) किती ते पाहा. शेणातून ४० ग्रॅमच्या आसपास, गोमूत्रातून फार तर १००, बेसनातून ७०. सगळं मिळून पाव किलोही नाही. हंगामात दहा वेळा सोडलं तरी दोन किलो. कोरडवाहू कपाशीला शिफारस हेक्टरी ६० किलोची, म्हणजे एकरी २४. उरलेले २२ किलो आणायचे कुठून? हवेतून येतात म्हणावं, तर कपाशी काही हरभरा नाही. तिच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत.

शेणखताने भरायचं म्हटलं तर चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र. त्यातला तिसरा हिस्सा पहिल्या हंगामात पिकाला मिळाला तरी पुष्कळ झालं. म्हणजे टनामागे दीड किलो, आणि २२ किलोंसाठी एकरी १४-१५ टन. घरी दोन बैल, एक गाय असेल तर वर्षाकाठी पाच-सहा टन कुजलेलं खत निघतं, तेही जनावरं दिवसभर चरायला जात नसतील तर. दुसरीकडे ४५ किलोंच्या युरियाच्या एका बॅगेत २०.७ किलो नत्र असतं आणि ती तीनशे रुपयांच्या आत मिळते.

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतं एका झटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. शेणखत जरूर द्या, युरिया कमी करा, पण शून्यावर आणू नका.

बोरू_कळमेश्वर
भाऊ, गणित बरोबर आहे, पण तुम्ही ते भलत्याच गोष्टीचं केलं. जीवामृत हे खत नाहीच, ते विरजण आहे. विरजणात दूध किती हे मोजून कुणी दही लावत नाही. पण दूध पाहिजेच, आणि आपल्याकडे ते दूधच दरवर्षी जाळलं जातं. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पेटवतात, पऱ्हाटीची वाळलेली झाडं धुऱ्यावर रचून काडी लावतात, आणि मग जीवामृत सोडून काही झालं नाही म्हणतात.

नत्र गाईकडून नाही, पिकांच्या जोडीतून आणायचं. कपाशीच्या दोन ओळींमध्ये बोरू (ताग) किंवा चवळी पेरा, ४० दिवसांनी फुलावर यायच्या आत कापा आणि तिथेच ओळीत आच्छादन म्हणून टाका. फुलोरा होऊन गेला की खोड लाकडी होतं, मग ते कुजताना मातीतलंच नत्र खेचतं आणि कपाशी पिवळी पडते. 'हिरवळीच्या खताने नुकसान झालं' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. सलग बोरू घ्यायचा असेल तर एकरी २४-२५ किलो बियाणं लागतं, पण कोरडवाहूत त्याने अख्खा खरीप जातो, म्हणून तो सल्ला मी देणार नाही.

धुऱ्यावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. सुक्या पाल्यात अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, शेणखताच्या पाचपट. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, राखण लागत नाही. पावसाळ्यात दोनदा छाटणी करून पाला कपाशीच्या ओळीत. शिवाय सहा-आठ ओळींमागे एक ओळ तुरीची. हे सगळं तुमच्या हिशोबात कुठे आहे?

मृदा_अमरावती_रोड
दोघांनीही नत्रावरच वाद घातला. आपल्या काळ्या मातीत खरी अडचण स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्ताची (झिंकची) आहे. चुनखडीची माती, सामू (पीएच) ८ च्या आसपास. सेंद्रियमध्ये रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) चालतं म्हणून लोक ते थेट वावरात टाकतात. ते आम्लधर्मी मातीत विरघळतं. आपल्या मातीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. टाकायचंच तर कंपोस्टच्या ढिगात थर देऊन, स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून, तीन-चार महिने कुजवून टाका.

युरियावाल्यांनीही ऐकावं. याच सामूच्या मातीवर युरिया नुसता फेकला की त्याचा अमोनिया होऊन बराचसा हवेत जातो. पुढे मोठा पाऊस झाला आणि चिकण मातीत पाणी तुंबलं की आणखी जातो. म्हणून बॅगेत २०.७ किलो असलं तरी पिकाला २०.७ मिळतं असं धरू नका. दोन-तीन हप्ते करा, ओल असताना झाडापासून चार बोटं दूर घाला आणि डवऱ्याने (बैलाच्या कोळप्याने) लगेच झाका.

आणि सेंद्रिय कर्बाबद्दल (मातीतल्या ऑरगॅनिक कार्बनबद्दल). एकरभर मातीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ८-९ लाख किलो भरतो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ८०० किलोंहून जास्त शुद्ध कर्ब मातीत *टिकायला* हवा. नागपूरच्या मे महिन्यात, उघड्या नांगरलेल्या वावरात तो टिकत नाही. खोल नांगरट करून जमीन तापू देणं आणि कर्ब वाढवणं या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत.

धरमपेठ_ग्राहक
दादा, ताई, तुमचं नत्र-स्फुरद समजलं, पण आम्ही 'सेंद्रिय' म्हणून जास्त पैसे मोजतो ते युरियाच्या भीतीने नाही, फवारणीच्या भीतीने. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. जो माल पिकवताना माणूस मरतो, तो मी मुलांच्या ताटात का वाढू? अर्धा युरिया चालेल म्हणता, उद्या अर्धी फवारणीही चालेल म्हणाल. रेषा कुठे ओढणार?

हिंगणा_कोरडवाहू
ताई, रेषा तिथेच ओढा, फवारणीवर. खत आणि विष एकाच पोत्यात घालू नये हेच मी सांगतोय. फवारणीबाबत मी तुमच्या बाजूने आहे, आणि त्याला सोपा मार्गही आहे. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, लिटरभर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा. उन्हात अर्काचा दम जातो. मावा, तुडतुडे, अंडी यांवर चालतो. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की निंबोळीही चालत नाही आणि महागडं औषधही नाही. तिथे एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय सुरू करा, आणि डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) ठेवू नका.

पण 'सेंद्रिय' शिक्का हवा असेल तर बीटी कपाशी (बोंडअळीविरोधी जनुक घातलेली) चालतच नाही, हेही गावात जाऊन सांगा. कोरडवाहूला चालेल असं बिगर-बीटी बियाणं वेळेवर हाती आलं पाहिजे, नाहीतर शिक्क्याची चर्चाच व्यर्थ.

संत्रा_काटोल
संत्र्यात चित्र वेगळं आहे. बहुवर्षायू पीक, रूपांतराचा (रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याचा) काळ तीन वर्षांचा, तेवढ्यात डिंक्याने (बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाने) बाग बसली तर शिक्का काय कामाचा? मुळात डिंक्या पाण्यामुळे येतो. बुंध्याला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं आणि निचऱ्याचे चर नसतील तर सेंद्रिय-रासायनिक दोन्ही फसतात. कलमाचा जोड जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा.

त्यावरचा बोर्डो मलम सेंद्रियमध्ये मर्यादेत चालतो. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, बादल्या प्लास्टिकच्याच. दोन्ही एकत्र ओता आणि घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर साल जळते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावा. पण तांबं मातीत साठत जातं, म्हणून 'सेंद्रियमध्ये चालतं' म्हणून हात सैल सोडू नका.

बोरू_कळमेश्वर
हिंगण्याच्या भाऊंना एक प्रस्ताव. पाच एकरांपैकी एकच एकर घ्या, तीन हंगाम. पेरणीआधी आणि शेवटच्या वेचणीनंतर माती परीक्षण, दर वेळी त्याच आठ जागांची माती, १५ सेंटिमीटर खोल. कुटार जाळायचं नाही, तूर आणि चवळी सोबत, धुऱ्यावर गिरिपुष्प. उरलेल्या चार एकरांत तुमचा युरिया चालू द्या. कापूस दोन्हीकडचा वेगळा मोजा, आणि मजुरीही वेगळी लिहा, कारण आमची पद्धत मार खाते ती तिथेच.

हिंगणा_कोरडवाहू
मजुरीचं मोकळेपणाने मान्य केलंत, म्हणून तयार आहे. एक अट: चवळी कापणी ऐन निंदणाच्या गर्दीत येते, तेव्हा चाळिसाव्या दिवशी बाया मिळाल्या नाहीत तर त्या एकरात काय करायचं, ते आधी ठरवून लिहा.