माळढोकाच्या छायाचित्रातल्या तारा पुसाव्यात की राहू द्याव्यात?

मुलुंडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात यंदा संकटग्रस्त प्राणी-पक्ष्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात जैसलमेरजवळ टिपलेला माळढोक, तानसाच्या जंगलातला रानपिंगळा (छोटे घुबड) आणि ठाणे खाडीतला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा अशी तीन मुख्य छायाचित्रे आहेत. तिन्हींखाली ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ असे लिहिणार आहे. गेल्या वर्षीही असा प्रयत्न केला होता. दोन तास फलकांपाशी उभा होतो, पण येणारा प्रत्येक जण ‘कॅमेरा कोणता?’ आणि ‘हा कुठे बघायला मिळतो?’ एवढेच विचारून पुढे जात होता. हा पक्षी कमी का झाला, असे एकानेही विचारले नाही, आणि ते मनाला लागून राहिले. माळढोकामागे उच्चदाबाच्या तारा आल्या होत्या. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून त्या मी एडिटिंगमध्ये पुसल्या आहेत. लोकांनी थांबून विचार करावा यासाठी निवडीत, मांडणीत की फोटोओळींत बदल करावा?

माळरानकर

आपण पुसलेल्या तारा आधी परत आणा, अशी कळकळीची विनंती आहे. जगात दोनशेहूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांच्या मृत्यूचे आज दिसणारे मोठे कारण म्हणजे याच तारा. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडताना समोरचे नीट दिसत नाही. त्यामुळे तार दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो आणि एवढे जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये या पक्ष्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले होते. २०२४मध्ये त्यांत बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. ज्या गोष्टीवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालला, ती आपल्या चित्रात अगदी पक्ष्यामागे आलेली असताना तिला डाग समजून पुसावे, हे मला पटत नाही.

फोटोओळही तारांपासूनच सुरू करा. ‘पक्ष्यामागे काय दिसते आहे?’ एवढे लिहिले, तरी बघणारा मान पुढे करून बघेल. शिवाय सोलापूरच्या नान्नजचा उल्लेख अवश्य करावा. माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालेल्या आपल्याच राज्यात हा पक्षी आता क्वचितच दिसतो, हे मुंबईतल्या पुष्कळांच्या गावीही नसते.

तानसाकाठ

रानपिंगळ्याविषयी मात्र नेमके उलटे सांगावेसे वाटते : तिथे ठिकाण लपवा. १८८४नंतर ज्याचा खात्रीलायक नमुना कोणाला मिळाला नव्हता आणि जो थेट नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो पक्षी मुंबईपासून काही तासांवर आहे असे कळले, की पुढच्याच रविवारी गाड्या निघतात. दोन वर्षांपूर्वी मी एका ढोलीसमोर अकरा जण उभे असलेले पाहिले. जोडीतला एक पक्षी चोचीत सरडा धरून समोरच्या निष्पर्ण सागावर पाऊण तास बसून राहिला, पण ढोलीकडे काही गेला नाही. मध्येच कोणीतरी मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावला आणि प्रतिस्पर्धी आल्याच्या समजुतीने तो बिचारा सरडा टाकून ओरडत सुटला. त्या दिवशी सगळ्यांना उत्तम छायाचित्रे मिळाली. मी तेव्हा काही बोललो नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून ‘तानसा’ऐवजी ‘उत्तर कोकणातील पानगळीचे जंगल’ असे लिहावे आणि इंटरनेटवर टाकताना छायाचित्राला जोडलेली स्थाननोंद काढून टाकावी. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची संकेतस्थळेही संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर करतात, ते याच कारणासाठी. ढोलीचे छायाचित्र असेल तर ते कृपया लावूच नका.

खाडीकिनारी

एक दुरुस्ती. ठाणे खाडीतले रोहित ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ आहेत असे लिहू नये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत लहान रोहित संकटाच्या उंबरठ्यावर आहे, तर मोठ्या रोहितबद्दल सध्या तेवढी काळजी नाही. एका फलकावर अतिशयोक्ती सापडली, की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो. दुसरे असे, की हजारोंचा गुलाबी थवा पाहून ‘भरपूर आहेत की!’ असेच वाटते. त्यापेक्षा चिखलात चोच उलटी बुडवून शेवाळ गाळणारा एकच पक्षी मागच्या इमारतींसह दाखवला, तर त्याचे पोट या चिखलावर अवलंबून आहे हे कळेल.

या बाबतीत नयन खानोलकर यांचे आरेतल्या बिबट्याचे छायाचित्र जरूर पाहावे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत २०१६मध्ये शहरी गटात ते पहिले आले. बिबट्या एका वारली पाड्यातल्या घरांमधल्या बोळातून चालला आहे. नुसता बिबट्या कुठलाही असू शकला असता. त्या बोळामुळे तो मुंबईचा झाला.

मुलुंडचा_वाटसरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माळढोकाची मूळ फाइल जपून ठेवली होती. ती उघडली तेव्हा तारा पक्ष्याच्या डोक्याच्या अगदी वरून गेलेल्या दिसल्या. तेच चित्र मोठे छापायला आज दिले. रानपिंगळ्याच्या फलकावरून तानसाचे नाव काढले आहे, आणि येथे ते मीच पहिल्या परिच्छेदात लिहिले असल्याने तो मजकूर बदलण्याची विनंती या मंचाच्या संचालकांना केली आहे. थव्याऐवजी एकटा रोहित हवा आहे. या आठवड्यात ओहोटीची वेळ पाहून खाडीकाठच्या ऐरोलीला जाईन.